दोन बेटं, दोन शेवटच्या जोड्या

१९८०च्या सुमारास पॅसिफिक महासागरातल्या दोन गाणाऱ्या पक्ष्यांचा वंश प्रत्येकी एकेका जोडीवर येऊन ठेपला होता. एक न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरचा ब्लॅक रॉबिन, दुसरा हवाईतल्या कावाई बेटावरचा ओओ. पहिला आज आहे. दुसरा फक्त ध्वनिमुद्रणात उरला आहे.

मांजरं आणि उंदरांमुळे रॉबिन लिटल मांगेरे या चिमुकल्या कातळबेटापुरता उरला होता. तिथलं रानही खंगलं, तेव्हा उरलेले सात पक्षी १९७६-७७मध्ये शेजारच्या मांगेरे बेटावर हलवले गेले. १९८०मध्ये त्यांतले पाचच राहिले, आणि वंश वाढवणारी मादी एकच : ‘ओल्ड ब्लू’. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी काढून टॉमटिट या दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांकडून उबवून घेतली. ती पुन्हा अंडी घालत राहिली. आजचे अडीचशेच्या आसपास रॉबिन सगळे त्या एका जोडीचे वंशज आहेत.

या मदतीचीही किंमत होती. काही माद्या घरट्याच्या काठावर अंडी घालत. ती वाया जाऊ नयेत म्हणून माणसं ती आत सरकवत. परिणामी ही आनुवंशिक खोड पसरत गेली. १९८९पर्यंत निम्म्याहून अधिक माद्यांत ती दिसू लागली. माणसांनी हात आवरला, तशी ती ओसरली.

ओओचा शत्रू वेगळा होता. १८२६च्या सुमारास जहाजांमधून हवाईत डास आले. पुढे ते पक्ष्यांमधला मलेरिया पसरवू लागले. थंड उंचीवर डास कमी, म्हणून ओओ अलकाईच्या दलदली पठारावर तगून राहिला. पण कावाईचं सर्वोच्च शिखर जेमतेम १६०० मीटर; त्याहून वर जायला जागाच नव्हती. १९८२च्या इवा चक्रीवादळानंतर शेवटची मादी दिसली नाही. नर एकटाच गात राहिला. १९८७मध्ये तो शेवटचा ऐकू आला. त्याच्याबरोबर मोहोइडी हे पक्ष्यांचं अख्खं कुळच संपलं.

म्हणजे किती पक्षी उरले, एवढ्यावर सगळं ठरत नाही. त्यांना न्यायला सुरक्षित जागा आहे का, हेही ठरवतं. समुद्र उंदरांना अडवतो, डोंगर डासाला कायमचा अडवत नाही. २०२३पासून मावी बेटावर, ज्यांच्याशी मीलन झाल्यास अंडी फलत नाहीत असे नर डास सोडले जात आहेत. ओओसाठी हा उपाय उशिरा आला. हवाईत उरलेल्या रानपक्ष्यांसाठी अजून वेळ आहे.