रुमालाखालचा सौदा

वैराग हें बार्शी तालुक्यांतील, बार्शी-सोलापूर रस्त्यावरचें पेठेचें गांव. भोवतालच्या खेड्यांतली ज्वारी, तूर, करडई विकावयाची म्हणजे गाडी अशा पेठेकडे वळावयाची. नाहीं तर थेट बार्शीला, जेथें १८९७ सालीं लाइट रेल्वे आली. फसवणुकीचा विषय निघाला कीं गिऱ्हाईकानें जपून वागावें असा उपदेश होतो. पण बाजारांचा इतिहास चाळला तर विकणाराही कांहीं कमी नाडला गेलेला नाहीं.

महाराष्ट्रांतील अनेक धान्याच्या, कापसाच्या आणि गुरांच्या बाजारांत सौदा रुमालाखालीं होई. दलाल व खरेदीदार कापडाआड हात धरीत आणि बोटें दाबून भाव ठरवीत. तोंडानें शब्दही नाहीं. ज्याचा माल, तो शेतकरी गाडीपाशीं उभा राहून रुमालाची हालचाल पाही. भाव त्याला कळे तो दलालाच्या तोंडून. शेतकरी वर्षांतून एकदोनदां येणारा, व्यापारी रोजचा. तेव्हां दलालाचें मन कोणीकडे झुकत असेल हें सांगावयास नको. त्यावर अडत, हमाली, तोलाई, कडता आणि धर्मादाय! या धर्मादायाचें पुण्य नेमकें कोणाच्या पदरीं पडे, हा प्रश्न निराळा.

हे दोष १९२८ सालीं शाही शेतकी कमिशनच्या अहवालांत नमूद झाले. उपाय मात्र त्यापूर्वींच सुरू झाले होते. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार निघाला, १८९७ सालीं वऱ्हाडापुरता कायदा झाला; मुंबई प्रांतानें १९२७ सालीं कापसापुरता आणि १९३९ सालीं एकंदर शेतमालासाठीं कायदा केला. भाव उघड बोलला जावा, माप परवानेदार तोलारानें करावें, हिशेब कागदावर यावा, एवढेंच त्यांचें सार. कायद्यानें शेतकऱ्याला अधिक हुशार केलें नाहीं. वरचें कापड तेवढें काढून घेतलें.

आज वैरागच्या घरांतलें जुनें कपाट किंवा मोटारसायकल विकावयाची झाली तर तिचें छायाचित्र फोनवरच्या बाजारांत जातें, आणि गिऱ्हाईक पुन्हां दृष्टीआड होतें. २०१६ पासून यूपीआयमुळें पैसेही फोनवरून येतात. येथेंच नवा रुमाल पसरला आहे. गिऱ्हाईक घासाघीस करीत नाहीं. जुन्या व्यापाऱ्याच्या कपाळाला एवढ्यावरूनच आठी पडली असती. तें स्वतःला लष्करांतला जवान म्हणवितें, गणवेषांतलें ओळखपत्र पाठवितें, वस्तु नेण्यास माणूस येईल असें सांगतें. मग पांच रुपये विसार म्हणून खात्यांत येतात व विकणाराचा विश्वास बसतो. पाठोपाठ क्यूआर कोड येतो: हा स्कॅन करा, पिन घाला, बाकी रक्कम जमा होईल.

व्यवहाराची दिशा येथें उलटते. कोड स्कॅन करतो तो पैसे देणारा. पिन घालतो तोही देणाराच. घेणाराला यांतलें कांहींच करावें लागत नाहीं, ज्याप्रमाणें बाजारांत माल विकणाराला स्वतःची थैली सोडावी लागत नाहीं. पैशाची मागणी पाठवून पिन घालावयास लावण्याचीही एक वाट होती. दोन व्यक्तींमधल्या अशा मागण्या राष्ट्रीय देयक निगमानें १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या. कोडाची वाट खुलीच आहे. दुसरा प्रकार बनावट संदेशाचा: रक्कम जमा झाल्याचा मजकूर फोनवर दिसतो, खात्यांत छदामही नसतो, आणि वस्तु दाराबाहेर गेलेली असते. खात्यांतली शिल्लक स्वतः पाहिल्यावांचून वस्तु हातची सोडणें म्हणजे दलालाच्या तोंडचा भाव मानणें होय.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवितां येते. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वीं ती अडविण्याची शक्यता तेवढ्या वेळांतच असते. हा वेळ तोतया जवान सहसा वाया जाऊं देत नाहीं. चूक झाली, लगेच परत करतों, असें म्हणून तो दुसरा कोड पाठवितो. आणि घाबरलेला विकणारा तोही स्कॅन करतो.