मीठ कमी करायचे म्हणजे नेमके किती? वसई-विरारच्या घरांसाठी हिशेब

रक्तदाब वाढलेला आढळला की डॉक्टर सांगतात, 'मीठ कमी करा.' रुग्ण मान हलवतो, घरी येतो आणि पानात वरून मीठ घेणे बंद करतो. महिन्याने बीपी मोजले तर आकडा बहुधा तिथेच असतो. कारण आपल्या पोटात जाणारे बहुतेक मीठ पानाच्या कोपऱ्यात वाढलेले नसतेच, ते भाजी-आमटीत आधीच पडलेले असते. कमी म्हणजे किती, ते घरी मोजायचे कसे आणि नेमके कुठून काढायचे, हे पाच मिनिटांच्या तपासणीत सांगणे होत नाही. ते इथे सविस्तर पाहू.

आपण किती खातो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. त्यात सगळे आले: भाजी, आमटी, भाकरी, लोणचे, पापड, पाव, फरसाण. भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत लघवीच्या नमुन्यांवरून मिठाचा अंदाज काढण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी दिवसाला ८ ग्रॅम, पुरुषांमध्ये ८.९ आणि स्त्रियांमध्ये ७.१.

मिठातला सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतो. मूत्रपिंडे जादा सोडियम बाहेर टाकायचा प्रयत्न करतात, पण वर्षानुवर्षे ते प्रमाण जास्तच राहिले तर रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो. पुढे पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे आजार येतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. दर तीन माणसांमागे एक. त्रास काहीच होत नसल्याने यातल्या अनेकांना आपले बीपी वाढल्याचा पत्ताही नसतो.

मीठ कमी केल्याने फरक किती पडतो? अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास सांगतो की, दिवसाला साधारण साडेचार ग्रॅम मीठ कमी केले तर रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ ने आणि नसलेल्यांचा अडीचने उतरतो. एका माणसासाठी हे किरकोळ वाटेल. पण हाच फरक अख्ख्या शहरात पडला तर पक्षाघाताचे रुग्ण कमी होतात. म्हणून मीठ हा केवळ रुग्णाच्या पथ्याचा नाही, सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे.

सरकारांनी काय केले

२०१३ मध्ये जगातल्या देशांनी २०२५ पर्यंत मिठाचे सरासरी सेवन ३० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट मान्य केले. भारतानेही ते स्वीकारले. ते साधत नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अहवालात स्पष्ट सांगितले.

ज्या देशांना थोडेफार यश आले त्यांत ब्रिटनचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे पाव, सॉस, तयार जेवण अशा एकेका पदार्थासाठी मिठाची मर्यादा ठरवून कंपन्यांना ती हळूहळू उतरवायला लावली. दहा वर्षांत सरासरी सेवन ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आले. पावाची चव बदलल्याची तक्रार फारशी झाली नाही, कारण बदल हळू होता. तिथे हे जमले कारण तिथल्या लोकांचे बहुतांश मीठ कारखान्यातून येते.

आपले गणित उलटे आहे. भारतात अजूनही मिठाचा मोठा वाटा घरच्या स्वयंपाकातून येतो. त्यामुळे कारखानदारावर कितीही नियम लादले तरी आपल्या आमटीत चमचा किती बुडतो, हे कुठलाही कायदा ठरवू शकत नाही. आपल्याकडचे प्रयत्न मात्र बरेचसे पाकिटाभोवती फिरतात. एफएसएसएआयने २०१८ मध्ये 'ईट राइट इंडिया' ही मोहीम सुरू केली आणि 'आज से थोडा कम' असे आवाहन केले. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर व चरबीचे पदार्थ विकण्यावर बंदी आणणारे नियम २०२० मध्ये आले. पाकिटावर मिठाचे प्रमाण ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये मंजूर झाला. हे सगळे हवेच आहे. पण घरच्या मिठाकडे थेट जाणारे काम आता कुठे सुरू होते आहे. आयसीएमआरच्या चेन्नईतील राष्ट्रीय साथरोग संस्थेने पंजाब आणि तेलंगणात आरोग्य केंद्रांमार्फत कुटुंबांना समुपदेशन करण्याचा तीन वर्षांचा प्रकल्प हाती घेतला आहे. तसे काही आपल्या पालघर जिल्ह्यात येईपर्यंत थांबायचे कारण नाही. हिशेब घरी करता येतो.

पिशवीवर तारीख लिहा

नवीन मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख लिहा. संपेल त्या दिवशी दिवस मोजा.

चार माणसांच्या घरात किलोभर मीठ ३० दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज सव्वाआठ ग्रॅमच्या वर झाले, देशाच्या सरासरीइतके. तेच ५० दिवस पुरले तर माणशी ५ ग्रॅम. बाहेरचे खाणे, पाव, बिस्किटे यांतून किमान एक ग्रॅम जाते असे धरले तर घरचे मीठ माणशी ४ ग्रॅमच हवे, म्हणजे पिशवी साधारण ६० दिवस पुरायला हवी. मासे धुवायला किंवा लोणचे घालायला वापरलेले मीठ यातून वजा करा, घरात लहान मुले असतील तर त्यांचा वाटा कमी धरा. हिशेब ढोबळ आहे, पण 'आमच्याकडे मीठ कमीच असते' या वाक्यापेक्षा खरा आहे.

लक्ष्य एकदम गाठायला जाऊ नका. ३० दिवसांची पिशवी पुढच्या खेपेला ३५ दिवस पुरवा, मग ४०. जिभेला कमी खारटपणाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. त्यानंतर पूर्वीचीच आमटी खारट लागते. अंदाजाने मूठ-चिमूट टाकण्याऐवजी एकच ठरलेला चमचा बरणीत ठेवा. भाताला मीठ घालत असाल तर ते आधी थांबवा, कालवणाबरोबर खाताना कळतही नाही. कोकम, चिंच, कैरी, लिंबू यांच्या आंबटपणामुळे मीठ कमी असल्याचे जाणवत नाही, आणि या चवी आपल्या किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात मुळातच आहेत.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा फसते: बीपी असलेल्या माणसासाठी वेगळी अळणी भाजी. ती दहा दिवस टिकते. स्वयंपाक करणारीचे काम दुप्पट होते, खाणारा रुसतो आणि शेवटी दोष तिच्याच माथी येतो. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, पण इथे आवडतीचेही अळणीच लागते! सगळ्या घराचे मीठ थोडे-थोडे उतरवा. घरातल्या मुलांनाही त्याचा फायदाच आहे.

सुकी मासळी: सगळी सारखी नसते

अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव, किल्लाबंदरच्या लोकांना 'सुकी मासळी बंद' असे सरसकट सांगितले जाते. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना तीच तर घरात असते. इथे थोडा फरक करायला हवा. वलांडीवर टांगून उन्हात वाळवलेले बोंबील आणि पसरून वाळवलेला जवळा यांना सहसा मीठ लावलेले नसते. त्यातले मीठ बरेचसे माशाच्या अंगचे असते. खारवलेला बांगडा आणि मीठ भरून ठेवलेली मोठी मासळी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात वजनाच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त मीठ असू शकते. लहानसा तुकडाही दिवसभराच्या मर्यादेचा मोठा भाग खाऊन टाकतो. ती खायचीच तर पाण्यात भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला, ते पाणी फेकून द्या आणि कालवणात वेगळे मीठ घालू नका. विकत घेताना मावशींना विचारा, 'याला मीठ लावलंय का?' त्यांना नक्की माहीत असते.

लोकल पकडणाऱ्यांसाठी

पहाटे डबा न घेता विरारहून चर्चगेटला निघणाऱ्यांचे मीठ घरच्या पिशवीत मोजले जात नाही. वडापाव घ्या: पावात मीठ, वड्यात मीठ, सुक्या चटणीत मीठ आणि वर मिठात घोळवलेली तळलेली मिरची. मिरची आणि जादा चटणी सोडली तरी काहीतरी वाचते. फरसाण, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स यांच्या पाकिटावर 'सोडियम' मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिला असेल तर ते २ ग्रॅम मीठ झाले. पाकीट २०० ग्रॅमचे असेल आणि गाडीत गप्पा मारता मारता संपवले, तर ४ ग्रॅम. पापडात मिठाखेरीज पापडखारातूनही सोडियम जातो. खाण्याच्या सोड्याचेही तेच.

कमी सोडियमचे मीठ, सैंधव आणि आयोडिन

बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला. पूर्वी पक्षाघात झालेले किंवा साठीपुढचे आणि बीपी असलेले लोक त्यात होते. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. घरच्या स्वयंपाकातून मीठ येणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला हा मार्ग ब्रिटनच्या मार्गापेक्षा जवळचा आहे, असे माझे मत आहे. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांना घरच्या वापरासाठी त्याची शिफारस केली. मात्र गरोदर स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले लोक यांना त्यातून वगळले आहे.

हा अपवाद गंभीरपणे घ्या. मूत्रपिंडे कमकुवत असतील तर पोटॅशियम रक्तात साठतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतो, आणि बीपीच्या असंख्य रुग्णांना यातलीच एखादी चालू असते. या गोळ्या घेत असाल किंवा मधुमेह जुना असेल, तर हे मीठ आणण्यापूर्वी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारा. ज्यांची मूत्रपिंडे चांगली आहेत त्यांना वसईच्या वाड्यांतली केळी आणि पालेभाज्या याही पोटॅशियम देतात, त्याही फार कमी सोडियमसह.

सैंधव आणि काळे मीठ यांनी बीपी वाढत नाही, हा समज चुकीचा आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. शिवाय त्यात पुरेसे आयोडिन नसते. मिठागरातून थेट आणलेल्या जाड्या मिठाचेही तसेच. मासळीला लावायला ठीक, रोजच्या जेवणाला आयोडिनयुक्त मीठच हवे. ५ ग्रॅमच्या आत राहिलात तरी त्यातून आयोडिन पुरते.

उन्हात काम करणाऱ्यांनी काय करावे?

मिठागरात, होडीवर, शेतात किंवा बांधकामावर दिवसभर घाम गाळणाऱ्यांना वाटते की आपल्याला मीठ जास्तच लागते. घामातून सोडियम जातो हे खरे. पण रोजच्या आपल्या जेवणातूनच तो बहुतेकांचा भरून निघतो. कमी पडते ते पाणी. खूप उकाड्याच्या दिवशी पाण्यासोबत चिमूटभर मिठाचे ताक किंवा लिंबू सरबत घ्यायला निरोगी माणसाला हरकत नाही. जुलाब-उलट्या होत असतील तर ओआरएस घ्यायचेच, तिथे मिठाची भीती नको. वृद्ध माणूस लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेत असेल आणि जेवण कमी झाले असेल, तर मात्र त्याचे मीठ स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका. सोडियम फार खाली गेला की ग्लानी येते, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा.

तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाने बीपी मोजून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रांत ते मोफत होते. मीठ कमी केले म्हणून चालू गोळी बंद करू नका. पिशवीवर लिहिलेल्या तारखा आणि दीड-दोन महिन्यांतले बीपीचे आकडे एका वहीत मांडा आणि पुढच्या भेटीला ती वही सोबत न्या. गोळीचा डोस कमी करायचा की नाही, हे ते आकडे पाहून डॉक्टर ठरवतील.