गुंठ्यापासून कार्पेटपर्यंत

खराडीत शेतं होती तेव्हा भाव गुंठ्याला. 33 फुटी साखळीचा चौकोन, म्हणजे 1089 स्क्वेअर फूट. कुणीही मोजावं. मग टॉवर आले अन् 'सुपर बिल्टअप' आलं! जिना, लिफ्ट, लॉबी सगळं आपल्याच फुटांत. लोडिंग किती, ते बिल्डर सांगेल तेवढं. मोफा कायदा 1963 पासून होता, पण बाजार आपल्याच फुटपट्टीनं चालला. 2016 च्या रेराने कार्पेट एरियाची व्याख्या बांधली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती अन् बाल्कनी वगळायची. महाराष्ट्राच्या नमुना करारात फरकाची मर्यादा 3 टक्के. क्षेत्र कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे 45 दिवसांत, व्याजासकट परत. माझं म्हणणं, ताबा घेताना टेप सोबत न्या. आणि बाल्कनी वेगळी मोजा.