मेलेल्यांचा हक्क

१८२३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात आल्विन स्मिथ हा पंचवीस वर्षांचा शेतकरी तरुण वारला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. अंत्यविधीच्या वेळी पाद्र्याने तो नरकात गेल्याचे सुचविले, असे त्याच्या एका भावाने पुढे सांगितले.

दुसरा भाऊ जोसेफ याने १८३० साली मॉर्मन पंथ स्थापिला. रूढ ख्रिस्ती मताप्रमाणे तारण ईश्वरी कृपेने होते आणि मरणानंतर स्वर्ग किंवा नरक. कॅथलिकांचे शुद्धिस्थानदेखील स्वर्गाला जाणाऱ्यांसाठीच. जोसेफने १८३२ साली वैभवाची तीन राज्ये सांगितली. त्यांत बहुतेक सर्वांना जागा आहे. सर्वांत वरच्या राज्यासाठी मात्र बाप्तिस्मा हवाच. मग आल्विनसारख्यांचे काय? १८४० साली त्याने मृतांसाठी बाप्तिस्मा सांगितला : जिवंताने मृताच्या नावाने पाण्यात बुडी घ्यावी, तो पत्करावा की नाकारावा, हे मृतात्म्याने ठरवावे. संत पौलाच्या पत्रात अशा बाप्तिस्म्याचा ओझरता उल्लेख आहे, पण रूढ चर्चनी हा विधी मानला नाही.

पटावर नाव नाही म्हणून हक्क बुडालेली माणसे आम्ही कामगार चळवळीत नित्य पाहतो. म्हणून जोसेफची तळमळ आम्हांस कळते. परंतु नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावेही या विधीत घेतली गेली, तेव्हा ज्यू संघटनांनी हरकत घेतली. १९९५ साली पंथाने ते थांबविण्याचे मान्य केले. कोणास बाहेर ठेवू नये हे खरेच. पण आत घेतानाही ज्याचे त्यास विचारावे लागते, आणि मेलेल्यास विचारणार कसे?