टायरचा मुढा, पुठ्ठ्याची खुर्ची

भोपाळात थंडीत ऊन खात बसायचं तर मुढाच हवा. सरकंड्याच्या काड्या तिरप्या गुंतवून बांधलेला, वर दोरीची वीण. विणीचं कौतुक सगळेच करतात. पण मुढा उलटा करून पाहा. खालच्या कडेला जुनं टायर कापून गुंडाळलेलं असतं, काड्या ओलीने कुजू नयेत आणि फरशीवर घासून झिजू नयेत म्हणून. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही.

खुर्ची हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून आलेला, आपली जुनी बैठक पाटाची, सतरंजीची. तरी टाकाऊतून केलेल्या खुर्च्यांचा इतिहास वाचताना मला परकं वाटलं नाही. १९३४ साली, मंदीत, हॉलंडच्या रीटवेल्टने मालाच्या खोक्यांना लावतात तसल्या साध्या फळ्यांची खुर्ची केली. गिऱ्हाइकाने ती घरी नेऊन स्वतः जोडायची. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलासाठी केलेल्या ॲल्युमिनियमच्या खुर्चीत बराचसा धातू भंगाराचा होता. २०१० मध्ये त्याच कंपनीने ती कोका-कोलाबरोबर प्लास्टिकच्या १११ बाटल्यांपासून केली.

हॉलंडच्याच तेयो रेमीची १९९१ ची खुर्ची म्हणजे जुन्या कपड्यांचे थर, पट्ट्यांनी करकचून आवळलेले. घेणाऱ्याला आपलेच जुने कपडे त्यात घालता येतात. वाचून मला हसूच आलं. आजीचं लुगडं, बाळाचं झबलं गोधडीत जातं ते आणखी काय असतं? फरक एवढाच की गोधडी धुता येते. ही खुर्ची धुवायची कशी, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.

फ्रँक गेहरीने १९७२ च्या सुमारास पुठ्ठ्याचे थर चिकटवून खुर्च्या केल्या, त्याही स्वस्त मिळाव्यात म्हणून. त्या खपू लागल्या तसा तो मागे हटला. त्याला नाव हवं होतं ते इमारती बांधणारा म्हणून. आज त्याची ती नागमोडी खुर्ची साध्या घराला परवडत नाही.

म्हणून मला आपल्या महाराष्ट्रातला पुठ्ठा जास्त पटतो. ‘आरंभ’ या संस्थेने २०१४ च्या सुमारास, शाळेत जमिनीवर वाकून लिहिणाऱ्या मुलांसाठी टाकून दिलेली खोकी कापून, घड्या घालून उतरतं मेज केलं. खर्च दहा रुपयांच्या आत. पावसाळ्याचा विचार माझ्या मनात आधी आला, पण पाठ ताठ राहते हे खरं. मूल बसतं जमिनीवरच. शाळा सुटली की त्याच मेजाचं दप्तर होतं, त्यात वह्या घालायच्या आणि पाठीवर टाकून घरी जायचं.