एमएस-सीआयटी: माउस धरायला शिकलेला महाराष्ट्र

घरातली जुनी फाइल उघडून बघा. दहावीच्या मार्कशीटच्या आसपास आईचं, काकांचं किंवा मामाचं एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सापडण्याची बरीच शक्यता आहे. आज त्यावर विनोद होतात. पण त्या कागदामागे आपल्या राज्याचा एक मोठा प्रयोग आहे, आणि तो पुण्यातून सुरू झाला.

संगणक पुण्याला नवा नव्हता. १९८८ साली इथे सी-डॅक स्थापन झालं आणि १९९१ मध्ये त्यांनी 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. पण महासंगणक बनवणाऱ्या याच राज्यात असंख्य कारकुनांनी आणि शिक्षकांनी माउसला हातही लावला नव्हता. ही दरी बुजवायला २००१ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने 'महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन', म्हणजे एमकेसीएल, उभं राहिलं. त्याची धुरा सी-डॅकमधून आलेल्या विवेक सावंत यांच्याकडे होती.

सरकारने गावोगावी नवे वर्ग बांधले नाहीत. शाळा, कॉलेजं आणि छोटे खाजगी क्लासवाले यांनाच अधिकृत केंद्रं केलं. अभ्यासक्रम सगळीकडे एकच, परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाची, आणि केंद्राचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून. त्यामुळे कोर्स तालुक्यांपर्यंत पोचला आणि शिकणाऱ्यांचा आकडा एक कोटीच्या पुढे गेला.

हे सगळे काही हौसेने आले नाहीत. सरकारी नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. जे आधीच नोकरीत होते, त्यांची वेतनवाढ त्यावर अडू लागली. ही रीत जुनीच. पूर्वी कचेरीत शिरायला टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं, आता त्याच्या जोडीला हे आलं. सक्ती म्हटली की घोकंपट्टी आलीच. पन्नाशीतल्या गुरुजींना पोराच्या वयाच्या सरांकडून 'राइट क्लिक' शिकताना अवघडल्यासारखं झालं असणार. पण त्याच सक्तीने अनेकींना घराबाहेर पडायला कुणी नाकारू शकणार नाही असं कारण दिलं: 'नोकरीसाठी लागतं.'

आपल्याला स्मार्टफोन वापरायला कुठलाच क्लास लावावा लागला नाही. रील तर शाळकरी पोरंही बनवतात. पण शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, ठरावीक केबीचा फोटो अपलोड करायचा, की आपण सायबर कॅफेची नाहीतर ई-सेवा केंद्राची पायरी चढतो आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून काम करून घेतो. पासवर्डही त्यालाच सांगतो.

एमएस-सीआयटीने काय आणि किती शिकवलं यावर वाद घालता येईल. पण सामान्य माणसाने यंत्रासमोर स्वतः बसावं, हा तिचा आग्रह होता. यंत्र आता खिशात आलंय. फॉर्म मात्र अजून दुसराच कुणीतरी भरतोय.