हायडी, घड्याळ आणि तोच तो ट्रक

मागच्या हिवाळ्यात आई इकडे न्यू जर्सीला आली होती. रविवारी दुपारी मी फुटबॉल लावून बसायचो (हा इथला फुटबॉल, लांबट चेंडूचा, ज्यात पायांपेक्षा हातच जास्त चालतात) आणि ती शेजारी मटार सोलत बसायची. नियम तिला कळत नव्हते, कळून घ्यायची हौसही नव्हती. जाहिराती मात्र पाठ झाल्या. एका ट्रकच्या जाहिरातीचा पहिला सूर वाजला की मान वर न करता म्हणायची, "आला रे तुझा ट्रक!" एका सामन्यात तो नऊ वेळा आला. तिने मोजलं होतं. शेवटी वैतागून म्हणाली, "अरे, ह्यांना खेळ दाखवायचाय का ट्रक विकायचाय?"

मी हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. मग थोडं वाचत गेलो, तर हे भांडण जवळजवळ टीव्हीइतकंच जुनं निघालं.

इथल्या व्यावसायिक फुटबॉलचा सामना टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तो २२ ऑक्टोबर १९३९ ला, ब्रुकलिनहून. तेव्हा टीव्ही प्रायोगिक होता, जाहिरातींना परवानगीच नव्हती. ती मिळाली १ जुलै १९४१ ला, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये एका बेसबॉल सामन्याच्या आधी अमेरिकेतली पहिली अधिकृत टीव्ही जाहिरात लागली. बुलोव्हा घड्याळांची. खर्च ९ डॉलर! पहिली जाहिरात घड्याळाची असावी हा योगायोगच, पण पुढे खेळाचं घड्याळच जाहिरातींच्या हातात गेलं.

फुटबॉल जाहिरातवाल्यांना मानवला, कारण तो सतत थांबतो. घड्याळात ६० मिनिटं, पण 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१० मध्ये मोजून पाहिलं तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम ११ मिनिटं. प्रक्षेपण तीन तासांचं, आणि त्यातला तासभर जाहिराती. सुरुवातीला जाहिराती या आपोआप पडणाऱ्या फटींत बसायच्या. त्या पुरेनात, तेव्हा १९५० च्या दशकाच्या अखेरीस रेफरी खास टीव्हीसाठी खेळ थांबवू लागले. (आपल्याला हसायला नको. आयपीएलमध्ये २००९ साली 'स्ट्रॅटेजिक टाइमआउट' आला, त्यात स्ट्रॅटेजी किती आणि जाहिराती किती ते आपण जाणतोच.)

१५ जानेवारी १९६७ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिला सुपर बोल झाला. सीबीएस आणि एनबीसी दोघंही तो दाखवत होते. दुसऱ्या अर्ध्याची सुरुवातीची किक मारली गेली आणि लक्षात आलं की एनबीसी अजून मध्यंतरातून परतलंच नाहीये. मग काय, किक पुन्हा मारायला लावली! मैदानातल्या साठ हजार लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली किक झालीच नाही असं ठरलं.

हे वाचलं तेव्हा मला एकदा स्टेडियममध्ये पाहिलेला सामना आठवला. कडाक्याची थंडी. मधेच खेळाडू नुसते उभे, हात चोळत. मला वाटलं कुणाला लागलं की काय. मग मैदानाच्या कडेला भडक बाह्या घातलेला टीव्हीचा माणूस दिसला. तो बाजूला झाला आणि मगच खेळ सुरू झाला. म्हणजे त्या वेळी घरोघरी ट्रक चालला होता, आणि आम्ही पैसे भरून त्याची वाट बघत कुडकुडत होतो.

पण या सगळ्या इतिहासाचा मेरुमणी म्हणजे 'हायडी'. १७ नोव्हेंबर १९६८, न्यूयॉर्क जेट्स विरुद्ध ओकलंड रेडर्स. सामना लांबला. जेट्स ३२-२९ ने पुढे, ६५ सेकंद बाकी. जाहिराती लागल्या, आणि त्या संपल्यावर पूर्वेकडच्या लोकांना दिसली आल्प्समधली हायडी! संध्याकाळी सातला हा मुलांचा चित्रपट ठरलेला होता, आणि त्याची वेळ विकत घेतली होती टायमेक्सने. पुन्हा घड्याळवालेच. खरं तर सामना चालू ठेवायचं साहेबांनी ठरवलं होतं, पण लोकांचे इतके फोन येत होते (कुणी सामना दाखवा म्हणून, कुणी हायडी वेळेवर आहे ना म्हणून) की साहेबांचाच फोन लागेना. तिकडे रेडर्सनी नऊ सेकंदांत दोन टचडाउन करून ४३-३२ ने सामना जिंकला.

आमच्या शेजारचे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांचे वडील जेट्स जिंकले अशा आनंदात रात्रपाळीला गेले, आणि कारखान्यात सगळे त्यांना हसले. "वडिलांना इतकं गप्प मी तेव्हाच पाहिलं," आजोबा सांगतात. घरात पुढे हायडीचं पुस्तकही येऊ दिलं नाही म्हणे.

त्या रागाचा उपयोग मात्र झाला. एनबीसीच्या अध्यक्षांनी माफी मागितली, कंट्रोल रूममध्ये वेगळी फोनलाइन आली, आणि पाहुण्या संघाच्या गावात तरी सामना शेवटपर्यंत दाखवायचा हे करारात लिहिलं गेलं. असाच दुसरा विजय २०१७ चा. टचडाउन, जाहिरात, किक, पुन्हा जाहिरात, या प्रकाराला लोक विटले होते. लीगने ते मान्य करून सामन्यातले ब्रेक २१ वरून १६ वर आणले. फक्त प्रत्येक ब्रेक लांबवला!

गंमत अशी की हेच लोक सुपर बोलच्या जाहिराती आवडीने बघतात, कारण त्या नव्या असतात. म्हणजे राग जाहिरातीवर नाही, तीच ती दाखवण्यावर आहे. आपण नवव्यांदाही तेवढंच लक्ष देऊन बघू असं कुणीतरी गृहीत धरतं, ते झोंबतं. पण हे थांबणार नाही. बाकी कार्यक्रम लोक पुढे ढकलून बघतात, सामना मात्र जिवंतच बघावा लागतो. २०२३ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिलेल्या १०० प्रक्षेपणांपैकी ९३ याच लीगचे सामने होते. सगळे विक्रेते याच दारात येणार. बिनजाहिरातीचं म्हणून मिरवणारं 'रेडझोन' चॅनल होतं, तिथेही २०२५ मध्ये जाहिराती आल्या.

असो. परवा फोनवर आईला हा सगळा इतिहास ऐकवला आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, "दोन्ही करायचंय गं त्यांना."

"मग आधी सांगायचंस की," ती म्हणाली, "अजून दोन किलो मटार आणवले असते."